काळ्या दगडाच्या मागे, दिवाडीच्या उन्हात

शनिवार

मामांना खरं तर मालपेला जायचं होतं. तिथे किनाऱ्यासमोर सेंट मेरीज बेटं आहेत. मादागास्कर भारतापासून सुटलं त्या काळातली, म्हणजे आठ कोटी वर्षांहूनही जुनी. लाव्हा थंड होताना तडकून तयार झालेले पाच-सहा बाजूंचे दगडी खांब तिथे रांगेने उभे आहेत. मामा कराडचे, जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पण हाती शनिवार-रविवार एवढेच होते आणि मला उडुपीपर्यंत रेल्वेत बसायची हौस नव्हती. "ज्वालामुखीचं नाही जमणार, पण बेट दाखवते," असं म्हणून मी त्यांना दिवाडीला नेलं.

म्हापशाहून लवकर निघालो. पाव-पातळभाजी आणि वर एकेक बन्स खाऊन पणजीच्या स्टँडवर गाडी बदलली आणि जुने गोवे गाठलं. कदंब राजांची सत्ता जाऊन सहाशेहून जास्त वर्षं झाली, पण गोव्याच्या सरकारी बसवर अजून त्यांचंच नाव आणि त्यांचाच सिंह आहे. मामांनी उतरताना त्या सिंहाचा फोटो काढला. कंडक्टरला वाटलं तक्रार करायची आहे. तो लगेच नरमाईने बोलायला लागला.

जुन्या गोव्यात दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. तिथे माणूस चर्च मोजत बसतो आणि दुपार होते. बॉम जेझूसच्या बासिलिकेसमोर सहलीच्या गाड्यांची रांग होती. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव असल्यामुळे सगळे थेट आत जातात. मामा बाहेरच थांबले, भिंतीला नाक लावून. १५९४ साली काम सुरू झालं, १६०५ ला चर्च पवित्र करून खुलं झालं. भिंती जांभ्याच्या. आज त्या उघड्या तांबड्या दिसतात आणि लोकांना तेच मूळ रूप वाटतं, पण वर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढून टाकला. जांभा सच्छिद्र असतो. इथला पावसाळा त्याला अंगावर घ्यायला लावणं म्हणजे माणसाला बिनछत्रीचं उभं करण्यासारखं. तेव्हापासून दगड झिजतोय आणि गिलावा परत करावा की नाही, यावर वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर करावा. तांबडा रंग फोटोत छान येतो, हे काही इमारत भिजवत ठेवायचं कारण नव्हे.

"अगं, इकडे ये," मामांनी हाक मारली. तांबड्या भिंतीत मध्ये मध्ये खांब, पट्ट्या आणि नक्षीचे तुकडे होते, तेवढेच काळपट. मामांनी बोटाची पाठ फिरवून पाहिली. "हा तुमच्याकडचा नाही. हा आमचा."

आणि ते बरोबर होतं. तो बेसाल्ट वसईहून समुद्रमार्गे आणलेला. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार झालं, तोच हा काळा दगड. कराडला पाया त्याचा, डोंगर त्याचा, देवळं त्याची, कपडे धुवायचा धोंडाही त्याचाच. गोव्यात मात्र तो जवळजवळ नाही. सत्तरीच्या बाजूला, ईशान्य कोपऱ्यात थोडा आहे. बाकी खाली त्याहून कितीतरी जुने खडक आणि वर जांभ्याची टोपी. जांभा म्हणजे पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली की मागे उरलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. खाणीत मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे कापता येतात, मग हवेला लागला की घट्ट होतो. मामांनी वर हेही ऐकवलं की आपल्या पाचगणीचं टेबललँडसुद्धा जांभ्याचंच, त्यामुळे गोव्याने फार ऐट करू नये.

एवढ्यावरून दिवसभराचा खेळ ठरला. काळा दगड दिसला की विचारायचं, तो इथे कोणी आणला.

दुसरा नमुना लगेच मिळाला. सेंट काजेतानच्या चर्चच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याची म्हणून एक चौकट उभी आहे. वाडा गेला, भिंती गेल्या. उरलेत ते काळे खांब आणि वरची तुळई. पोर्तुगीजांचे व्हाइसरॉय आधी याच वाड्यात राहायचे. लोक चर्चचा घुमट बघायला जाताना या चौकटीकडे पाठ करतात.

तिथून सरळ उतारावर व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने ती उभारली आणि पणजोबाचा पुतळा तिच्यावर बसवला. आताची कमान १९५४ साली पुन्हा बांधलेली. लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय याखालून शहरात शिरायचा. आम्ही उलटे, शहरातून नदीकडे गेलो.

फेरीबोट धक्क्याला लागली होती. पुढची लोखंडी फळी खरवडत उताराला टेकली, आधी स्कूटर उतरल्या, मग एक मासेवाली, डोक्यावर टोपली आणि एका हातात फोन. पायी माणसाला तिकीट नाही, हे मामांना पटेना. ते पाकीट हातात धरून पलीकडच्या काठापर्यंत कुणी येतंय का बघत राहिले. मांडवी इथे संथ आणि गढूळ. चार-पाच मिनिटांत दिवाडी.

धक्क्यावरून गावापर्यंत तीनेक किलोमीटर सरळ सपाट रस्ता आहे. दोन्हीकडे खाजन. सावली शोधून सापडत नाही. डिसेंबर असला तरी दहाच्या पुढे ऊन पाठीवर बसतंच. टोपी, पाणी आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी जवळ ठेवा, वाटेत टपरी मिळेल या भरवशावर राहू नका. रिक्षावाला विचारत होता, पण बेट चालूनच बघायचं असा माझा हट्ट. गाडीत बसलात की खाजन म्हणजे नुसती हिरवी पट्टी होते.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याकडून हिसकावून घेतलेली जमीन. नदीकाठाने मातीचा बांध, बाहेरून जांभ्याच्या दगडांचा आधार, आणि बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा. आम्ही एका मानशीपाशी बराच वेळ बसलो. लाकडी फळ्या, त्यांना शेवाळ आणि बारीक शिंपले चिकटलेले. ओहोटी होती. आतलं पाणी फळी ढकलून बाहेर पडत होतं. भरती आली की बाहेरचं पाणी तीच फळी दाबून बंद करतं. ना मोटर, ना माणूस. पाणी स्वतःच आपल्याला अडवतं. दरवाजाच्या तोंडाशी जाळं लावायची खुंटाळी होती, कारण पाण्याबरोबर मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात. हे बांध सांभाळायचं काम गावकरी संस्थेचं, ज्यांना पोर्तुगीजांनी कोमुनिदाद केलं. बांध फुटला की खारं पाणी शेतात आणि पुढची दोन-तीन पिकं गेली. खाऱ्या जमिनीतही तग धरणारा कोरगुट नावाचा भात इथला. आता बरीच शेतं पडीक दिसतात. त्यांत खारफुटी घुसलीय आणि बगळ्यांची चंगळ आहे.

मामा फळीवर हात ठेवून म्हणाले, "कोयनेला एवढं मोठं धरण बांधून दरवाजे उघडायला इंजिनिअर ठेवावा लागतो." मी म्हटलं, मामा, दोन्हींची तुलना नको. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

थोडं पुढे गेल्यावर लांबून गडगडाट आला आणि शेतांच्या पलीकडून, भरावावरून, रेल्वे गेली. कोकण रेल्वे या बेटावरूनच मांडवी ओलांडते. स्टेशन मात्र नाही. करमळीला उतरायचं, जुन्या गोव्याला यायचं आणि फेरीच धरायची. बेटावर पूल हवा की नको, यावर दिवाडीत इतकी मतं आहेत की तो विषय मी फेरीत काढत नाही.

मग चढ लागला आणि पिएदाद. एकदम सावली. आंब्या-फणसांखाली मोठी घरं, बाल्कांव म्हणजे बसायचे ओटे, शिंपल्यांच्या खिडक्या. काही घरं ताजी रंगवलेली, काहींच्या छपरातून पिंपळ वर आलेला. मुलं लिस्बनला नाहीतर लंडनला, दारावर कुलूप, आणि शेजारच्या घरात चावी. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरा भरतो तेव्हा मात्र पाय ठेवायला जागा नसते. वाड्यांच्या हद्दींवरून भांडणं व्हायची. पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं रोवली तर लोकांनी दगड मारून ती पाडली. त्याचीच ही जत्रा झाली. आता दगडांच्या जागी बांबूच्या नळीतून बारीक फळं उडवतात. भांडणाचा सण करायचा म्हणजे काय, हे दिवाडीकडून शिकावं.

टेकडीच्या माथ्यावर पिएदादचं चर्च. पांढरं, भारदस्त. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते नव्याने बांधलं, आणि त्याचा आराखडा करणारे पाद्री आंतोनियो जुआंव फ्रियास गोव्याचेच होते. चर्चसमोरून मांडवी, खाली खाजन आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. फोटोसाठी सगळे इथेच थांबतात आणि परत फिरतात. आम्ही बाजूच्या दफनभूमीत गेलो.

तिथे एक छोटंसं चॅपेल आहे. बाहेरून काही वाटत नाही. आत मान वर केली की छताचं कोरीव काम दिसतं, आणि ते चर्चच्या जातीचं नाही. कदंबकाळातल्या गणपतीच्या देवळाचा हा उरलेला तुकडा. चुन्याचे हात बसून बसून कडा बोथट झाल्यात, पण पाकळ्यांची वर्तुळं ओळखू येतात. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "गणपती कुठे गेला?"

गणपती नदीपार गेला. मुक्काम बदलत बदलत शेवटी खांडोळ्याला स्थिरावला. तिथे आज महागणपती म्हणून त्याचं मोठं देऊळ आहे. सोळाव्या शतकात या बेटांवरची देवळं पाडली जायला लागली तेव्हा जे देव हलवता आले ते लोकांनी रातोरात होड्यांतून पलीकडे नेले. पलीकडे म्हणजे फार लांब नाही. नदीचं एक पात्र ओलांडलं की दुसऱ्याचं राज्य. गोव्यात कुणाचंही कुलदैवत विचारा. देऊळ एका गावात, मूळ स्थान दुसऱ्या गावात, आणि मध्ये एक नदी असतेच.

पिएदादला जेवलो. एका घरगुती खानावळीत शीत, बांगड्याचं हुमण, सुंगटांची किसमूर आणि सोलकढी. मामांना हुमणात तिरफळं आली आणि त्यांनी ती चावली. नंतर पाच मिनिटं जिभेला मुंग्या आल्या म्हणून जेवण थांबलं. मालकीण आतून ओरडली, "अहो, तीं काडून दवरपाचीं!" मामांनी ती मुकाट्याने ताटाच्या कडेला लावली.

ऊन उतरेपर्यंत थांबायला हवं होतं, पण नदी ओलांडायची होती म्हणून तीनच्या सुमारास निघालो. बेटाच्या उत्तर टोकाकडे जायचा रस्ता पिएदादपेक्षा शांत आहे. गोलती, नावेली अशी गावं, मध्ये काजूचे उतार, जांभ्याचे कुंपणाचे गडगे. गडग्यांकडे मी मुद्दाम मामांचं लक्ष वेधलं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते चिरे एकावर एक. काळा दगड राजे आणतात, वाड्याला आणि देवाला. माणसं राहतात ती या तांबड्या दगडात. विहीर, पायऱ्या, तुळशीवृंदावन, क्रूस, गडगा, सगळं जांभ्याचं. मामांनी मान हलवली, पण कबूल काही केलं नाही.

नारवे हे नाव नदीच्या दोन्ही काठांना आहे. अलीकडचं दिवाडीवरचं, पलीकडचं डिचोली तालुक्यातलं. अलीकडे सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान. कदंबांचं हे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर राजाला 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' म्हटलेलं असतं. चौदाव्या शतकात बहमनींच्या स्वाऱ्यांत देऊळ पडलं. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते परत उभं केलं. पुढे पोर्तुगीजांनी पाडलं, ते कायमचं. आज तिथे बघायला उरलंय ते कोटितीर्थ, म्हणजे तळी. झाडी बाजूला सारत खाली उतरलो तर चारी बाजूंनी जांभ्याच्या पायऱ्या आणि भिंतीत ओळीने कोनाडे. कोनाडे रिकामे. एकात कुणीतरी प्लास्टिकची बाटली ठेवलेली, ती मामांनी पिशवीत घातली. पाणी हिरवं आणि पायऱ्या निसरड्या. जपून उतरा.

मामांनी आजूबाजूला काळ्या दगडासाठी बराच शोध घेतला. मिळाला नाही. "एवढं मोठं देऊळ, दगड गेला कुठे?" मी म्हटलं, बेटावर तेव्हापासून किती भिंती उठल्या असतील, मामा. घडवलेला चिरा कोण टाकून देतं?

सूर्य कलला तेव्हा नारव्याच्या धक्क्यावर पोचलो. ही फेरी जुन्या गोव्याच्या फेरीपेक्षा निवांत. दोन स्कूटर, एक पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलसह, आणि आम्ही. गोकुळाष्टमीला इथल्या पंचगंगेवर स्नानाला गर्दी उसळते, एरवी खंड्या आणि घारी. पलीकडे उतरल्यावर बस नव्हती. धक्क्यावरच्या एका गृहस्थांनी डिचोलीपर्यंत सोडलं आणि पूर्ण वाटभर मामांना त्यांच्या गुडघ्याविषयी औषध सांगितलं.

रविवार

डिचोलीत माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण राहते. आम्ही मावशी म्हणतो. रात्री तिने पाय शेकायला गरम पाणी दिलं आणि सकाळी उंडे, चवळीचे तोंडाक आणि चहा. "नारव्याक पायी वचूं नाकात आज," असं तिने बजावलं आणि शेजारच्या मुलाला रिक्षासह हजर केलं. मामांनी विरोध केला नाही.

सप्तकोटेश्वराचं आताचं देऊळ झाडीत, टेकडीच्या पोटाशी आहे. पहिल्यांदा येणारा चकतो, कारण शिखर नाही. उतरती कौलं आणि गाभाऱ्यावर बसका गोल घुमट. समोर दीपस्तंभ. अलीकडेच सरकारने त्याची डागडुजी केली, २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. नव्या गिलाव्याची चमक अजून गेलेली नाही. ती दोन पावसाळ्यांत जाईल आणि मग देऊळ जास्त बरं दिसेल.

दिवाडीवरचं देऊळ पाडल्यावर लिंग एका विहिरीवर लावलं होतं, असं सांगतात. तिथून डिचोलीच्या सूर्यराव देसायांनी ते नदीपार आणलं. आणि मग शंभरेक वर्षांनी महाराज आले. दाराच्या वर शिलालेख आहे. मामांनी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली, अक्षरावर अक्षर लावत. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. शिवाजी राजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ. म्हणजे नोव्हेंबर १६६८, राज्याभिषेकाच्या साडेपाच वर्षं आधी. दोन-तीन भाविक थांबून ऐकायला लागले. त्यातल्या एका आजीने मामांना पुजारीच समजून नमस्कार केला.

सोमवार का, पंचमी का, यावर मामा बोलत राहिले. मी आत गेले. लिंग धारालिंग, म्हणजे गोल नव्हे, पैलू पाडलेलं. पण बेल, फुलं आणि वस्त्र यांतून दगडाचा रंग दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मामांनी पुजाऱ्यांना अगदी अदबीने विचारलं, "दगड कुठला असेल, काही माहिती?" पुजाऱ्यांनी तीर्थ हातावर घातलं आणि म्हणाले, "देव आहे तो." मामांनी तीर्थ घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, उत्तर शास्त्रीय नाही, पण बरोबर आहे.

मये तळं वाटेत बघितलं. होड्या, पेडल, लहान मुलं. पाच मिनिटं पुरे.

जेवायला मावशीने खतखतें केलं होतं. जेवताना मामांनी तांबडी सुर्लाचा विषय काढला. कदंबकाळातलं, अख्खं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, जंगलात, आणि दगड घाटावरून उतरवलेला. पुढच्या वेळी तिथेच जायचं, मालपे रद्द. मावशी म्हणाली, "पावसांत येयात. तेन्ना न्हंय भरून आसता, देवळासरीं पावूंक जमना, घरांत बसून जेवात." तिला पाहुणे हलू नयेत असं वाटतं.

दुपारी साखळीहून बेळगावची गाडी पकडून दिली. चोर्ला घाट चढून वर कणकुंबीवरून जाणारी. मामांनी कंडक्टरकडून खिडकीची जागा मागून घेतली. रस्त्याच्या कापात जांभा कुठे संपतो आणि बेसाल्ट कुठे सुरू होतो, ते बघत जाणार होते, वही पेन्सिलसह. रात्री कराडहून फोन आला. मी आधी तेच विचारलं.

"कणकुंबीला जाग आली," मामा म्हणाले.